टोटल ग्लुटाथायोन किट: हिवतापाच्या परजीवीला चालतं, लेशमानियाला नाही

ठाणे-नवी मुंबईतल्या कॉलेजांत एमएस्सीच्या प्रोजेक्टचे विषय ठरायला लागले की एक विषय हमखास निघतो: परजीवीची अँटिऑक्सिडंट यंत्रणा आणि औषधाला दाद न देणं. विषय चांगला आहे. मग मोजायचं काय, तर ग्लुटाथायोन, म्हणजे पेशीला ऑक्सिडेशनच्या माऱ्यापासून वाचवणारा गंधकयुक्त छोटा रेणू. आणि कशानं, तर शंभर चाचण्यांचं तयार किट. महापे-रबाळे पट्ट्यातल्या पुरवठादाराला पर्चेस ऑर्डर गेली की ते थर्माकोलच्या डब्यात येतं. किंमत पाच आकडी, जीएसटी वेगळा. एका प्रोजेक्टच्या केमिकलच्या बजेटचा मोठा घास हेच घेतं, म्हणून घेण्याआधी ते नक्की काय मोजतं हे बघितलेलं बरं.

आधी निकाल सांगून टाकतो. प्लाझमोडियम फाल्सिपॅरम या हिवतापाच्या परजीवीच्या कल्चरवर काम असेल तर पाचपैकी साडेतीन. लेशमानिया (काळ्या आजाराचा परजीवी) किंवा त्याच्या जवळच्या ट्रिपॅनोसोमावर असेल तर एक, तोही खोक्यातल्या डीटीएनबी या रंग देणाऱ्या रसायनासाठी. आमांशाच्या अमिबावर किंवा जिआर्डिया या आतड्यातल्या परजीवीवर असेल तर घेऊच नका.

किटमध्ये साधारण सहा वस्तू असतात: फॉस्फेट बफर, डीटीएनबी, एनएडीपीएच (एन्झाइमला इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू), ग्लुटाथायोन रिडक्टेज एन्झाइम, ग्लुटाथायोनचं स्टँडर्ड (तुलनेसाठी ठरावीक प्रमाणाचा नमुना) आणि ५ टक्के सल्फोसॅलिसिलिक आम्ल. नमुन्यातलं ग्लुटाथायोन डीटीएनबीशी जुळलं की पिवळा टीएनबी सुटतो, ग्लुटाथायोनचं ऑक्सिडाइज्ड रूप तयार होतं, एन्झाइम एनएडीपीएच खर्चून त्याला पुन्हा मूळ रूपात आणतं, आणि तेच ग्लुटाथायोन पुन्हा डीटीएनबीवर जातं. एकच रेणू असा फिरत राहतो, त्यामुळे अगदी थोडं ग्लुटाथायोनही पकडता येतं. बघायचं असतं ते ४१२ नॅनोमीटरला पिवळेपणा मिनिटाला किती वाढतो हे. शेवटी किती झाला ते नाही. पाच मिनिटं दर मिनिटाला रीडिंग घ्यायचं. प्लेट रीडरला ४०५ चा फिल्टर असेल तरी चालतं, फक्त स्टँडर्डही त्याच फिल्टरवर काढा.

प्लेटच्या एका खळग्यातलं प्रमाण बहुतेक किटांत असंच असतं: नमुना १० मायक्रोलिटर, बफर-एन्झाइम-डीटीएनबीचं मिश्रण १५० आणि शेवटी एनएडीपीएच ५०. इथली नेहमीची चूक म्हणजे स्टँडर्ड बफरमध्ये आणि नमुना आम्लात बनवणं. आम्लामुळे त्या खळग्यातला पीएच उतरतो, एन्झाइम मंदावतं आणि नमुना खरा आहे त्यापेक्षा कमी दिसतो. स्टँडर्डही ५ टक्के सल्फोसॅलिसिलिक आम्लातच पातळ करा. दुसरी चूक एनएडीपीएच एकेका खळग्यात सिंगल पिपेटनं टाकण्याची. पहिल्या खळग्यापासून शेवटच्यापर्यंत पोचेस्तोवर दीड-दोन मिनिटं जातात आणि पहिली ओळ पुढे निघून गेलेली असते. मल्टिचॅनल पिपेट नसेल तर एका वेळी आठच खळगे करा.

डबा उघडल्यावर एनएडीपीएच आधी तपासा. किटमधला सगळ्यात नाजूक माल तोच. थोडं घेऊन, पीएच ७.५ च्या वर असलेल्या बफरमध्ये विरघळवून ०.१ मिलिमोलर करा आणि १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये ३४० नॅनोमीटरला बघा. ०.६२ च्या आसपास यायला हवं. ०.४ आलं तर एक तृतीयांशाहून जास्त माल वाटेतच गेलाय, पुरवठादाराला त्याच दिवशी मेल करा. आम्लात तो भराभर विघटतो, म्हणून नुसत्या डिस्टिल्ड पाण्यातही विरघळवू नये. आपल्याकडच्या डिस्टिल्ड पाण्याचा पीएच सहाच्या खालीही सापडतो. एन्झाइम अमोनियम सल्फेटमधल्या गढूळ द्रवाच्या रूपात येत असेल तर ते २ ते ८ अंशांतच ठेवायचं. अख्खा डबाच उणे २० ला ढकलून देणारे लॅब असिस्टंट सगळ्या कॉलेजांत असतात, त्यांना बाटलीवरचं लेबल दाखवून ठेवा. पावसाळ्यात आणखी एक काळजी. फ्रीझरमधून काढलेली पावडरची बाटली लगेच उघडली की जुलैतल्या दमट हवेतलं पाणी आत उतरतं. अर्धा तास डेसिकेटरमध्ये ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच झाकण काढा.

आता परजीवी. हिवतापाच्या परजीवीकडे स्वतःचं ग्लुटाथायोन रिडक्टेज आहे आणि थायोरेडॉक्सिन रिडक्टेजही आहे. कॅटालेज नाही. हिमोग्लोबिन पचवताना सुटणारं हिम आणि त्यातून होणारा ऑक्सिडेटिव्ह मारा त्याला रोज सोसावा लागतो, म्हणून ग्लुटाथायोनला इथे खरंच महत्त्व आहे. किट तेच मोजतं. अडचण वेगळीच आहे. परजीवी राहतो त्या माणसाच्या तांबड्या पेशीत स्वतःचंच ग्लुटाथायोन सुमारे २ मिलिमोलर असतं. कल्चरमध्ये ५ टक्के पेशी बाधित असतील तर ९५ टक्के पेशी नुसत्याच माणसाच्या. सगळं कल्चर फिरवून खाली बसलेला गोळा (पेलेट) किटमध्ये घातला तर आकडा छान येतो, आणि तो जवळपास सगळा रक्तदात्याचा असतो.

म्हणून परजीवी आधी बाहेर काढावे लागतात. ५ टक्के सॉर्बिटॉल ३७ अंशांना दहा मिनिटं देऊन कल्चर रिंग या कोवळ्या अवस्थेत एकसारखं करा, ट्रोफोझोइट ही मोठी अवस्था येईपर्यंत वाढवा, मग बर्फावरच्या पीबीएसमध्ये (फॉस्फेट मिसळलेल्या मिठाच्या पाण्यात) ०.१ टक्का सॅपोनिननं तांबड्या पेशी फोडा आणि पेलेट तीनदा धुवा. वरचं पाणी रंगहीन होईपर्यंत धुणं गरजेचं आहे. हिमोग्लोबिनचं सगळ्यात मोठं शोषण ४१५ नॅनोमीटरच्या आसपास होतं, म्हणजे आपल्या ४१२ च्या अगदी मांडीला मांडी लावून. सल्फोसॅलिसिलिक आम्लानं प्रथिनं खाली बसली तरी थोडा तपकिरी रंग राहतो. एन्झाइम न घातलेला ब्लँक प्रत्येक नमुन्याला स्वतंत्र लावा. किटच्या माहितीपत्रकात एकच ब्लँक दाखवलेला असतो. तो लिव्हरच्या पेशींना पुरतो, इथे पुरत नाही. बिनबाधित तांबड्या पेशींना तेवढंच सॅपोनिन देऊन त्यांचाही एक नमुना चालवा. त्यात काही उरलं असेल तर ते परजीवीच्या आकड्यातून वजा करायला लागेल.

व्हायव्हॅक्स या हिवतापाच्या दुसऱ्या परजीवीवर हे किट वापरायची कल्पना दवाखान्यातून रक्त मिळण्याची सोय असलेल्या कॉलेजांत निघते. व्हायव्हॅक्सचं सलग कल्चर होत नाही, त्यामुळे रुग्णाच्या रक्तावरच काम करावं लागतं. आधी पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट फिल्टरनं काढाव्या लागतात, कारण त्यांचं ग्लुटाथायोन वेगळं. शिवाय व्हायव्हॅक्स कोवळ्या तांबड्या पेशींत, म्हणजे रेटिक्युलोसाइटमध्ये, शिरतो, तेव्हा तुलनेला त्याच माणसाच्या जुन्या तांबड्या पेशी घेऊन भागत नाही. रुग्णाला जी-६-पीडी या एनएडीपीएच बनवणाऱ्या एन्झाइमची कमतरता असेल तर त्याच्या पेशीत एनएडीपीएचच कमी पडतो आणि ग्लुटाथायोन खाली असतं. त्याचा औषधाला दाद न देण्याशी संबंध नाही. एवढं सगळं सांभाळायची तयारी नसेल तर फाल्सिपॅरमच्या कल्चरवरच राहा.

हिवतापात ग्लुटाथायोन आणि औषधाचं नातं सरळ नाही, हेही प्रोजेक्टच्या प्रस्तावनेत लिहा. क्लोरोक्वीनला दाद न देणारा फाल्सिपॅरम भारतात १९७३ मध्ये आसामात पहिल्यांदा नोंदला गेला. त्यामागचं मुख्य कारण पचनपोकळीच्या पडद्यावरच्या पीएफसीआरटी प्रथिनातला के७६टी हा बदल. त्यामुळे औषध पोकळीबाहेर पडतं. आर्टेमिसिनिनला मिळणारा उशिराचा प्रतिसाद केल्च-१३ जनुकातल्या बदलांशी जोडलाय. ग्लुटाथायोन दोन्हीकडे बाजूचं पात्र आहे. किटवर आकडा वाढला म्हणून 'यामुळेच औषध चालेना' असं लिहिलं तर परीक्षक पहिल्याच प्रश्नाला अडवणार.

लेशमानियात मात्र हेच नातं खूप घट्ट आहे, आणि नेमकं तिथेच किट कामाचं नाही.

लेशमानिया आणि ट्रिपॅनोसोमा यांच्याकडे ग्लुटाथायोन रिडक्टेज नाही. थायोरेडॉक्सिन रिडक्टेजही नाही. त्यांचा सगळा कारभार ट्रायपॅनोथायोनवर चालतो: स्पर्मिडिन या लांबट रेणूच्या दोन टोकांना एकेक ग्लुटाथायोन जोडलेला रेणू. १९८५ मध्ये फेअरलॅम्ब, सेरामी आणि सहकाऱ्यांनी त्याची रचना उलगडली. त्याला परत मूळ रूपात आणणारं ट्रायपॅनोथायोन रिडक्टेज वेगळं, आणि माणसाचं ग्लुटाथायोन रिडक्टेज वेगळं. माणसाचं एन्झाइम ट्रायपॅनोथायोनला हात लावत नाही आणि परजीवीचं ग्लुटाथायोनला. औषध शोधणाऱ्यांना ही फार मोठी सोय आहे, कारण परजीवीचं एन्झाइम अडवलं तरी माणसाचं शाबूत राहतं. किट वापरणाऱ्याला मात्र हीच अडचण. किटमध्ये बहुधा यीस्टचं ग्लुटाथायोन रिडक्टेज असतं. तेही ट्रायपॅनोथायोनला ओळखत नाही. म्हणजे प्रोमास्टिगोटमधला (लेशमानियाच्या कल्चरमध्ये वाढणाऱ्या अवस्थेतला) बहुतेक थायोल, म्हणजे गंधक-हायड्रोजनचा गट असलेले रेणू, किटच्या फिरत्या चक्रात शिरतच नाही.

बरं, पूर्ण शून्य आलं असतं तरी चूक लगेच लक्षात आली असती. तसं होत नाही. नमुन्यात थोडं मोकळं ग्लुटाथायोन असतंच, ते चक्रात फिरतं. शिवाय ऑक्सिडाइज्ड ट्रायपॅनोथायोन आणि ग्लुटाथायोन यांच्यात एन्झाइमशिवायच थोडी देवाणघेवाण होते, त्यामुळे ट्रायपॅनोथायोनचाही काही अंश हळूहळू रीडिंगमध्ये झिरपतो. किती, ते दोघांच्या प्रमाणावर आणि पीएचवर ठरतं. आलेख सरळ दिसतो, स्टँडर्ड कर्व्ह सुंदर बसते, आणि आकड्याला नाव देता येत नाही. शंका आली तर एक सोपी परीक्षा आहे: नमुना जसाच्या तसा, निम्मा आणि पाव असा चालवा. वाढीचा वेग त्याच प्रमाणात निम्मा आणि पाव झाला नाही तर किट एकापेक्षा जास्त गोष्टी मोजतंय.

आणि आकड्याला नाव देणं इथे फार गरजेचं आहे. बिहारमध्ये काळ्या आजारावर अँटिमनीची इंजेक्शनं चालेनाशी झाली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बिहारच्या रुग्णांत ३५ टक्के बरे झाले, उत्तर प्रदेशच्या रुग्णांत ८६ टक्के. औषध शरीरात पंचसंयुजी रूपात जातं आणि मारक होतं ते त्रिसंयुजी रूपात. हे त्रिसंयुजी अँटिमनी ट्रायपॅनोथायोनला चिकटतं, आणि दाद न देणारा परजीवी ते जोडपं एमआरपीए नावाच्या पंपानं पिशवीत कोंडून टाकतो. जितकं ट्रायपॅनोथायोन जास्त, तितकं अँटिमनी लवकर बंदोबस्तात. दाद न देणाऱ्या बऱ्याच वाणांत ग्लुटाथायोन बनवणारं गॅमा-ग्लुटामिलसिस्टीन सिंथेटेज आणि स्पर्मिडिनकडे नेणारं ऑर्निथिन डीकार्बोक्सिलेज, दोन्ही वाढलेली सापडली आहेत. ॲक्वाग्लिसरोपोरिन-१ हे आत घेणारं दार कमी झालेलं असणं हा आणखी एक मार्ग, आणि तो कुठलंच थायोल किट दाखवणार नाही.

मग लेशमानियासाठी काय घ्यायचं? नुसती डीटीएनबीची पावडर. किटच्या तुलनेत चिल्लर लागते. ३९.६ मिलिग्रॅम १० मिलिलिटर ०.१ मोलर फॉस्फेट बफरमध्ये घातलं की १० मिलिमोलर तयार. बाटलीला फॉइल गुंडाळा, त्याच दिवशी वापरा. १० कोटी प्रोमास्टिगोट थंड पीबीएसमध्ये दोनदा धुवा, कारण माध्यमातही सिस्टीन असतं. पेलेटवर थंड ५ टक्के सल्फोसॅलिसिलिक आम्ल घाला, दोनदा गोठवा-वितळवा, दहा मिनिटं १०,००० जी ला फिरवा. वरचा ०.१ मिलिलिटर द्रव, पीएच ८ चा ०.५ मोलर फॉस्फेट-ईडीटीए बफर ०.८५ मिलिलिटर आणि डीटीएनबी ०.०५. बफर ०.५ मोलरच हवा, ०.१ मोलर घेतला तर आम्ल त्याला खाऊन टाकतं, पीएच कोसळतो आणि पिवळा रंग नीट येत नाही. मिश्रणाचा पीएच पट्टीवर ७.५ च्या वर आहे ना, ते एकदा बघून घ्या. पाच मिनिटांनी ४१२ ला वाचा.

हिशेब १४,१५० नं, म्हणजे टीएनबीच्या मोलर शोषणांकानं. समजा ब्लँक वजा जाता ०.२८३ आलं, तर क्युव्हेटमध्ये २० मायक्रोमोलर थायोल, म्हणजे मूळ अर्कात २००. हा एकूण थायोलचा आकडा. ट्रायपॅनोथायोनच्या एका रेणूत दोन थायोल असतात, तेव्हा सगळं तेच आहे असं धरलं तरी रेणू १०० मायक्रोमोलर होतात. 'एकूण थायोल' एवढंच लिहा, पुढचं नाव लिहू नका. वेगवेगळं करायचंच असेल तर मोनोब्रोमोबायमेननं खूण लावून फ्लुओरेसन्सच्या एचपीएलसीवर चालवावं लागतं. शहरात अशी सुविधा असलेल्या संस्थेत नमुन्यामागे पैसे भरून ते करून घेणं किटपेक्षा जास्त फायद्याचं. प्लेटमध्ये २०० मायक्रोलिटर घेतलात तर द्रवाची उंची १ सेंटिमीटर नसते, तिथे १४,१५० थेट वापरू नका.

औषधाच्या तुलनेत तीन ठिकाणी हमखास घोळ होतो. एक, वाढीची अवस्था: चढत्या वाढीतले आणि थांबलेल्या वाढीतले प्रोमास्टिगोट यांचं थायोल वेगळं, तेव्हा दोन्ही वाण एकाच अवस्थेत आणि एकाच संख्येला घ्या. दोन, औषधाच्या दाबाखाली ठेवलेला वाण थेट मोजणं. आत बसलेलं अँटिमनी थायोलला धरून ठेवतं आणि डीटीएनबीला ते मिळत नाही. आधी औषधाविना काही पॅसेज द्या, म्हणजे नव्या माध्यमात पुन्हा पुन्हा वाढवा. तिसरा घोळ मजेदार आहे. स्टिबोग्लुकोनेट या अँटिमनीच्या इंजेक्शनच्या काही व्हायलमध्ये क्लोरोक्रेसॉल हे परिरक्षक असतं, आणि प्रोमास्टिगोटना मारतं ते बरंचसं हे क्लोरोक्रेसॉलच. प्रोमास्टिगोटवर त्रिसंयुजी पोटॅशियम अँटिमनी टार्ट्रेट वापरा. आणि बीएसओ लावलेला एक गट ठेवा. बीएसओ ग्लुटाथायोन बनणंच अडवतं; त्यानं थायोल उतरलं आणि अँटिमनी पुन्हा लागू पडू लागलं, तर प्रोजेक्टमधलं तुमचं सगळ्यात वजनदार वाक्य तेच.

कॉलेजात बीएसएल-२ ची (जैवसुरक्षा पातळी २ ची) सोय नसेल तर काळ्या आजाराची लेशमानिया डोनोव्हानी आणायचा हट्ट करू नये. पालीतली लेशमानिया टॅरेंटोले माणसाला बाधत नाही, तिच्यातही ट्रायपॅनोथायोन आहे, आणि हिमिन घातलेल्या बीएचआय माध्यमात २६ अंशांना वाढते. २६ अंश मात्र इथे मे महिन्यात सहज मिळत नाहीत. नुसता तापवणारा इनक्युबेटर चालत नाही, थंड करणारा बीओडी इनक्युबेटरच लागतो.

अमिबा आणि जिआर्डियाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. एंटअमिबा हिस्टोलिटिकात ग्लुटाथायोनचा कारभारच नाही, मुख्य थायोल सिस्टीन. किट शून्य दाखवेल आणि ते शून्य खरं असेल. प्रयोगशाळेत मेट्रोनिडाझोलला सरावलेल्या अमिबात लोहयुक्त सुपरऑक्साइड डिस्म्युटेज आणि पेरॉक्सिरेडॉक्सिन वाढलेली दिसली आहेत. मोजायचं तर ते मोजा. शिस्टोसोमासारख्या चपट्या कृमींत थायोरेडॉक्सिन-ग्लुटाथायोन रिडक्टेज असं एकच जोड-एन्झाइम दोन्ही कामं करतं. तिथे किट ग्लुटाथायोन बरोबर मोजेल, पण एन्झाइमचा स्वभाव कळणार नाही.

किटबरोबर मिळणारा ऑक्सिडाइज्ड ग्लुटाथायोनचा जोड-संच, ज्यात साधं ग्लुटाथायोन अडवणारं २-व्हिनिलपिरिडिन असतं, तो वेगळे पैसे देऊन घेण्याजोगा वाटला नाही. निरोगी पेशीत ऑक्सिडाइज्ड रूप एकूणाच्या एखाद्या टक्क्याच्या घरात असतं. पेशी गोळा करताना शंभरातलं एक ग्लुटाथायोन जरी हवेत ऑक्सिडाइज झालं तरी आकडा दुप्पट. नमुना गोळा करण्यापासून आम्लात पडण्यापर्यंत दोन-तीन मिनिटांच्या वर लागत असतील तर हा आकडा छापू नये. शिवाय त्या द्रवाचा वास फ्यूम हुडशिवाय सहन होत नाही आणि अर्काचा पीएच ट्रायएथॅनॉलअमाइननं ६ ते ७ मध्ये आणावा लागतो. त्याऐवजी एनईएम हे रसायन वापरावं म्हणाल तर ते उरलं की किटमधल्या एन्झाइमलाच मारतं.

पुरवठ्याबद्दल. आमच्याकडे आलेल्या एका डब्यात जेल पॅक पाणी झालेले होते आणि एनएडीपीएचचं रीडिंग ०.४५ च्या खाली होतं. बदलून मिळाला, पण फोटो आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरची प्रिंट मागितल्यावरच. ऑर्डर देताना 'सोमवार ते बुधवारीच पाठवा' असं पर्चेस ऑर्डरवरच लिहा. गुरुवारी निघालेला डबा ऐरोली पुलावर अडकून शुक्रवारी संध्याकाळी कॉलेजच्या गेटवर पोचतो, वॉचमन सही करतो आणि दुसरा शनिवार असला की तो थेट सोमवारी उघडतो. ड्राय आइसचे पैसे वेगळे मागतात, ते द्या. एक्स्पायरीला सहा महिन्यांपेक्षा कमी उरलेला लॉट घेणार नाही, हेही लिहून ठेवा. कोपऱ्यात पडलेला लॉट विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टला खपवायची सवय पुरवठादारांना असतेच.

वापरून झालेलं कल्चर १ टक्के हायपोक्लोराइटमध्ये टाकायचं, पण सल्फोसॅलिसिलिक आम्लाचे अर्क त्याच बादलीत ओतू नका, क्लोरीन सुटतो. आम्लाचा कचरा वेगळ्या कॅनमध्ये, सोडा बायकार्बनेटनं उदासीन करून.